मानपत्र नको, टिपणी चालेल

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागात आस्थापनेचं टेबल माझ्याकडे आहे. रजा, वेतनवाढी, बदल्या, सेवापुस्तकं आणि सगळ्यात शेवटी निवृत्तीची प्रकरणं. आमचे जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी ३१ मे २०२४ रोजी निवृत्त होणार, हे त्यामुळे मला कधीपासूनच ठाऊक होतं.

३१ मेच का, हे मराठी माणसाला सांगायला नको. एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानं आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो. मग ३१ मे आला की शिक्षण, आरोग्य, बांधकाम, सगळ्या विभागांत एकदमच फेटे बांधले जातात. आमच्याकडे फेटेवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो दुपारी चारला सापडत नाही.

निवृत्तिवेतनाचं प्रकरण मात्र सहा महिने आधी महालेखापालांकडे पोचायला हवं. विभाग जिल्हा परिषदेचा असला तरी साहेब राज्य शासनाचे राजपत्रित अधिकारी, म्हणजे प्रकरण नागपूरला. त्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तपासून आणायचं. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला घ्यायचा. आणि जिथं जिथं नोकरी झाली, तिथून काही येणं बाकी नसल्याचं, म्हणजे ना-देय प्रमाणपत्र. हे शेवटचं काम सगळ्यात चिवट. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या दवाखान्यात तेव्हाचं कुणी उरलेलं नसतं, इमारत बदललेली असते, आणि जडवस्तू नोंदवही मात्र शाबूत असते.

साहेबांचं सेवापुस्तक मी या निमित्तानं पानापानानं वाचलं. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, नियुक्ती, रुजू, कार्यमुक्त, अर्जित रजा, पुन्हा रुजू. श्रेणी एकचा दवाखाना, मग पंचायत समितीत विस्ताराचं पद, मग दुसरा तालुका, मग मुख्यालय. तीस वर्षांहून जास्त काळ गुरांत घालवलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात एकाही जनावराचा उल्लेख नाही. तसा तो नसतोच. तिथं फक्त पगाराला कारण लागतं.

याच सुमारास विभागातल्या मंडळींनी माझ्यावर दुसरं काम टाकलं. निरोपाच्या कार्यक्रमासाठी मानपत्र. "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे," असं म्हणून ते कायम माझ्याकडेच येतं. संगणकावर 'मानपत्र फायनल नवीन' नावाची फाइल आहे, ती उघडायची, नाव बदलायचं, फ्रेमवाल्याला द्यायची. ही फाइल मुळात कुठून आली कोण जाणे. बहुतेक पाणीपुरवठ्याकडून, कारण मधेच एका ओळीत 'जलवाहिन्यांचे जाळे' तसंच राहिलं होतं आणि आमच्याकडच्या आधीच्या दोन निवृत्तांना ते भिंतीवर लावूनही मिळालं होतं.

कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सदा हसतमुख, निगर्वी, अजातशत्रू. मी नाव बदलून वाचायला लागले आणि थांबले. साहेब हसतमुख नव्हते. मनमिळाऊ तर अजिबात नाहीत. पोळ्याचं जेवण असो की कुणाच्या घरचं बारसं, पाच मिनिटांत निघायचे. आणि अजातशत्रू? बाजार समितीतले, दोन-तीन माजी सदस्य, आमच्याच विभागातले काही पर्यवेक्षक यांची नुसती नावं आठवली तरी मला तो शब्द ठेवता येईना. तो खोडला. मग हसतमुख खोडला. असं करत गेले तर पानावर त्यांचं नाव आणि जलवाहिन्या एवढंच उरलं.

तेवढ्यात त्यांच्या पहिल्या दवाखान्याकडून पत्र आलं. ना-देय देता येत नाही. साहेबांच्या काळातला एक नत्राचा कंटेनर नोंदवहीवर येणे दिसतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कृत्रिम रेतनासाठीच्या वळूच्या वीर्याच्या कांड्या द्रवरूप नत्रात ठेवतात, उणे १९६ अंश तापमानात. दवाखान्यात मोठा कंटेनर असतो आणि गावोगाव न्यायला तीन लिटरचा लहान, त्याला सगळे बीए-थ्री म्हणतात. पूर्वी सायकलच्या कॅरियरला, नंतर मोटारसायकलला बांधून तो न्यायचे. त्याच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी एकदा गेली की नत्र टिकत नाही, आणि मग तो ॲल्युमिनियमच्या भांड्यापेक्षा जास्त काही उरत नाही. पण सरकारी वस्तू निकामी झाली म्हणून संपत नसते. तिचं निर्लेखन व्हावं लागतं: प्रस्ताव, समिती, मंजुरी, लिलाव. तोवर ती नोंदवहीत जिवंत.

मी साहेबांना सांगितलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तिथल्या डॉक्टरला फोन लावा, 'वस्तू आढळली' अशी एक ओळ लिहून घ्या. हे म्हणाले, "शोधा. सापडला तर निर्लेखन करून घ्या, नाही सापडला तर घसारा वजा करून किंमत भरतो." त्या भांड्याची घसारा वजा जाता किंमत काय राहिली असेल ते मी मनातच ठेवलं.

म्हणून मग एके दिवशी कामानिमित्त त्या तालुक्याला जाणारी विभागाची गाडी धरून मी त्या दवाखान्यात गेले. उन्हाळा लागला होता. दवाखान्यासमोर खोड्याभोवती ही गर्दी, आणि बहुतेक जनावरं धडधाकट. त्याचं कारण टॅग. १ जून २०२४ पासून कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येणार नाही, असा शासनाचा निर्णय झाला होता. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी क्रमांक, तो 'भारत पशुधन' प्रणालीत नोंदवायचा. २०१९ साली लाळ्या-खुरकुताच्या राष्ट्रीय मोहिमेबरोबर हे टॅगिंग जोरात सुरू झालं तेव्हा लोक गुरं रानात नेऊन बांधायचे. कानात पू होतो, बिल्ला मारला की ढोरं सरकारजमा होतात, काय काय समजुती. आता विकता येणार नाही म्हटल्यावर तेच लोक रांगेत.

जुन्या इमारतीच्या खोलीची किल्ली निवृत्त ड्रेसरमामांकडे असायची, असं कळलं. व्रणोपचारक हे पदाचं नाव, पण तसं कुणी म्हणत नाही. मामा शेजारच्याच वाडीत राहतात. ते आले, कुलूप खटाखट हलवून उघडलं, आणि लसीच्या जुन्या खोक्यांखालून तो कंटेनर दहा मिनिटांत निघाला. बुडाशी रंगानं घातलेला क्रमांक नोंदवहीशी जुळला. माझं काम तिथंच संपलं होतं. पण मामांनी विचारलं, "साहेब रिटायर व्हायलेत व्हय?" आणि ओट्यावर बसले.

"म्याडम, साहेब इथं नवंच आलते. अन् किल्लारी झाली."

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या जरा आधी. लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. दवाखान्यातून जीपनं मामा, साहेब आणि एक पर्यवेक्षक असे औषधांची पेटी घेऊन निघाले. जखमी जनावरांवर उपचार आणि मेलेल्यांची विल्हेवाट एवढा हुकूम होता.

"माणसं ढिगाऱ्याखाली, अन् गाया-म्हशी दावणीला हंबरायल्या. कास दगडावानी. दूध काढाया घरात कोन उरलंच नव्हतं. साहेबानं पेटी खाली ठिवली अन् बसले धार काढाया. भांडं कुठलं आणावं? जिमिनीवरच. मी म्हणलं, साहेब, जखमा बगाच्या हायत. तर म्हणले, ही बी जखमच हाय, कास सडंल. एक झाली की दुसरी. दिवसभर त्येच केलं आमी."

मामा रडले वगैरे नाहीत. त्यांनी तंबाखू मळली आणि पुढची गोष्ट सांगितली, ती जास्त रागानं. पुढच्या दिवसांत बेवारस झालेली जनावरं न्यायला लोक यायला लागले. काही खरे नातेवाईक, काही नुसतेच दोर घेऊन आलेले. साहेब, तेव्हा पंचविशी-सत्ताविशीचं पोर, गावच्या दोन माणसांची ओळख पटल्याशिवाय जनावर सोडत नव्हते. एकानं काठी उगारली. "साहेब हटला न्हाई. म्हणला, आधी गावातलं मानूस आण, मग गाय ने."

परतीच्या वाटेवर मला एवढंच वाटत होतं की ही गोष्ट मानपत्रात बसवायची. बसवायला घेतली तेव्हा लक्षात आलं की मानपत्राच्या भाषेत दूध काढणं बसतं ('भूकंपग्रस्त पशुधनाची अहोरात्र सेवा'), पण दोर घेऊन आलेल्याला अडवणं बसत नाही.

मग मी विचारत सुटले. पर्यवेक्षकांना, चालकाला, मासिक सभेला आलेल्या तालुक्याच्या डॉक्टरांना. आणि ज्यानं त्यानं जे सांगितलं ते थोड्याफार फरकानं एकाच जातीचं होतं: साहेब कशाला तरी नाही म्हणाले.

सगळ्यात मोठं प्रकरण लम्पीचं, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला राज्यातली त्या साथीची पहिली जनावरं सापडली. आमच्याकडे तेव्हा एकही नव्हतं. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी गुरांचे बाजार बंद करण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला घेतला. ती फाइल माझ्याच समोर टंकलेखनाला बसली होती, म्हणून मला आठवतं. पोळा तोंडावर आलेला. पोळ्याच्या आधीचा बाजार म्हणजे बैलांच्या व्यापाऱ्याचं वर्षाचं पीक. बाजार समितीची माणसं, व्यापारी, एक माजी सदस्य, सगळे केबिनमध्ये. "जिल्ह्यात एक तरी ढोर आजारी आहे का? दाखवा. नाहीतर हा एक बाजार भरू द्या." साहेब म्हणाले, "आजारी दिसेल तेव्हा बंद करून काय उपयोग? तो बाजार तर भरून गेलेला असेल."

नुसतं नाही म्हणून ते उठले असते तर तो माणूस मला फार आवडला नसता. नाही म्हणणं सोपं असतं सरकारी कार्यालयात, आम्ही सगळे दिवसभर तेच करतो. साहेबांनी त्याच बैठकीत तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावले आणि लसीचा पहिला साठा येईल तेव्हा सुरुवात व्यापाऱ्यांच्या गोठ्यांपासून करायची असं ठरवून टाकलं, कारण गावोगावची जनावरं तिथं एकत्र येतात. ज्यांना बाजार नाकारला, त्यांच्याच दारात सगळ्यात आधी पथक गेलं. लसही गंमतीची: शेळ्यांच्या देवीची लस गायींना. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती चालते. पण "गाईला शेळीची सुई?" या प्रश्नाला उत्तर देता देता पर्यवेक्षकांचे घसे बसले. पुढे सप्टेंबरात राज्यभरच बाजार, शर्यती, वाहतूक सगळं बंद झालं. आमच्याकडेही लम्पी आला, जनावरं मेलीसुद्धा. लवकर बंद केल्यानं किती वाचली, याचा आकडा कुणी काढू शकत नाही. व्यापाऱ्यांचा त्यांच्यावरचा राग मात्र अजून आहे आणि तो मोजता येईल एवढा आहे.

त्याच साथीत अर्थसाहाय्य जाहीर झालं. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. पंचनामा आमच्या डॉक्टरांचा. आता तीस हजार म्हटल्यावर त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या जिल्ह्यात जनावरं दुसऱ्या कशानं मरायचीच थांबली. सर्पदंश नाही, पोटफुगी नाही, म्हातारपण नाही, सगळं लम्पी. एका पंचनाम्यात मेलेल्या बैलाच्या फोटोत अंगावर एकही गाठ नव्हती. अर्जदार कुणाचा कोण होता ते मी इथं लिहीत नाही. साहेबांनी तो प्रस्ताव परत केला, पुन्हा आला, पुन्हा परत केला. आणि त्याच आठवड्यात एका विधवा बाईचा प्रस्ताव तालुक्यानं टॅग नाही म्हणून बाजूला ठेवला होता, तो मागवून घेतला. गाईचा कान कुत्र्यांनी खाल्लेला, टॅग कुठून दिसणार? साहेबांनी आदल्या लसीकरणाच्या नोंदीत त्या बाईच्या नावावरचा टॅग क्रमांक शोधायला लावला. तो निघाला. प्रस्ताव गेला.

तिसरी गोष्ट आमच्या घरातली, म्हणून ती कुणी मोठ्यानं सांगत नव्हतं. कृत्रिम रेतनाचे आकडे. दर महिन्याला प्रत्येक दवाखान्यानं किती रेतनं केली ते वर कळवायचं असतं, त्यावर जिल्ह्याचा क्रमांक ठरतो. साहेबांनी पदभार घेतल्यावर पहिल्या की दुसऱ्या सभेत विचारलं, "रेतनं एवढी झाली, तर नऊ-साडेनऊ महिन्यांनी वासरं कुठं आहेत?" दोन दवाखान्यांच्या नोंदवह्या मागवल्या आणि गाभण तपासणीचे आकडे जुळेनात. त्यांनी पुढचा अहवाल खरा पाठवला. जिल्हा एकदम खाली घसरला. वरून विचारणा झाली, त्यावरची टिपणी, म्हणजे साहेबांपुढे निर्णयासाठी ठेवायचा कार्यालयीन कागद, मीच सादर केली होती. पर्यवेक्षकांतले काही त्यांच्याशी त्यानंतर कधी नीट बोलले नाहीत. मोटारसायकलवर रोज पन्नास-साठ किलोमीटर हिंडणारी माणसं आहेत ती, पेट्रोल खिशातलं, दवाखाने रिकामे, एकेकाकडे दोन-दोन जागांचा भार. त्यांचाही राग मला कळतो. पण वासरं खरंच नव्हती.

आता हे लिहा मानपत्रात. 'आपण बाजार बंद केलात, प्रस्ताव परत केलेत, जिल्ह्याचा क्रमांक घसरवलात, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.' मी दोन मसुदे केले. 'कठोर शिस्तीचे भोक्ते' असं लिहिलं की हुकूमशहा वाटतात. 'तत्त्वनिष्ठ' लिहिलं की ते कुणालाही चालतं, जलवाहिन्यांच्या साहेबांनासुद्धा.

मसुदा अजून पुरा नव्हता तोच साहेबांनी बोलावलं. कुठून तरी कानावर गेलं होतं.

"मानपत्र करताय म्हणे?"

"हो सर."

"वर्तणूक नियम वाचलेत?"

वाचले होते. म्हणजे इतरांना नोटिसा काढताना लागतात तेवढे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९. शासकीय कर्मचाऱ्यानं शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय मानपत्र किंवा निरोपपत्र स्वीकारायचं नाही, आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जायचं नाही. निवृत्तीचा किंवा बदलीचा खासगी, अनौपचारिक स्वरूपाचा निरोप समारंभ तेवढा चालतो. राज्यात दर महिन्याच्या अखेरीस किती मानपत्रं वाटली जातात आणि त्यांतल्या कितींना मंजुरी असते, हा प्रश्न मी विचारला नाही.

"चहा-जेवण करा. आपल्याच सभागृहात. परिचर आणि ड्रेसर मंडळींकडून वर्गणी घ्यायची नाही, कमी पडलं तर मला सांगा. बाकी फ्रेम-बिम नको."

मी दारापर्यंत गेले आणि परत वळले. "सर, टिपणी सादर केली तर चालेल?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "टिपणी सादर करायला आस्थापनेला कुणाची परवानगी लागते?"

त्या रात्री घरी बसून लिहायला घेतलं आणि फार वेळ लागला नाही. वीस वर्षं मी टिपण्याच लिहितेय. मानपत्रात ज्या गोष्टी कुठंच बसत नव्हत्या, त्यांना टिपणीत आयती जागा होती. अमान्य, परत, नियमात बसत नाही, आदेश व्हावेत. आणि टिपणीत विशेषण लिहिण्याची पद्धतच नाही, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. त्यातला काही भाग असा:

'सादर. विषय : जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी यांच्या सेवेबाबत.

१. सन १९९३ च्या भूकंपानंतर मालक मृत असलेल्या दुभत्या जनावरांचे दूध काढण्याचे काम कोणत्याही आदेशात नमूद नव्हते. ते करण्यात आले. ओळख न पटवता जनावरे ताब्यात मागणाऱ्यांची मागणी अमान्य करण्यात आली.

२. सन २००६ मध्ये नवापूर येथील बर्ड फ्लू नियंत्रण मोहिमेत सहभाग.

३. सन २०२२ मध्ये जिल्ह्यात लम्पी चर्मरोगाचा प्रादुर्भाव नसताना गुरांचे बाजार बंद करण्याचा प्रस्ताव सादर करण्यात आला. एक बाजार भरू देण्याची विनंती अमान्य. विनंती करणाऱ्यांच्या गोठ्यांतील जनावरांचे लसीकरण प्रथम करण्यात आले.

४. अर्थसाहाय्याचा एक प्रस्ताव लक्षणे दिसून येत नसल्याने दोनदा परत. एक प्रस्ताव टॅग उपलब्ध नसतानाही पूर्वीच्या नोंदींवरून पडताळणी करून मंजुरीस सादर.

५. कृत्रिम रेतनाचा अहवाल प्रत्यक्ष नोंदींप्रमाणे पाठविण्यात आला. परिणामी जिल्ह्याचा क्रमांक खाली आला.

वस्तुस्थिती माहितीस्तव व आदेशार्थ सादर.'

निरोपाचा शुक्रवार सुटसुटीत गेला. मंचावर कोण बसणार हा नेहमीचा वाद या वेळी नव्हताच: मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेवर प्रशासक, म्हणजे अध्यक्ष नाहीत, सभापती नाहीत, आणि लोकसभेची आचारसंहिता निकाल लागेपर्यंत कायम. मुख्य कार्यकारी अधिकारी येऊन पाच मिनिटं बोलून गेले. शाल, श्रीफळ, फेटा. साहेबांच्या पत्नीला साडी. आमरस-पुरी. ड्रेसरमामांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते पांढरं धोतर नेसून आले आणि पहिल्या रांगेत बसले. ज्यांचे आकडे उघडे पडले होते त्यांतला एक पर्यवेक्षक बोलायला उठला आणि म्हणाला, "साहेबांनी मला खूप त्रास दिला." सभागृहात हशा झाला. तो हसला नाही. "पण माझी सही असलेलं रजिस्टर आता मी कुणालाही दाखवतो," म्हणाला आणि खाली बसला. भाषणांत हेच एक लक्षात राहिलं.

टिपणी मी वाचून दाखवली नाही. संध्याकाळी कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रावर सह्या होत होत्या तेव्हा, इतर कागदांच्या खाली, नेहमीसारखी पॅडमध्ये लावून ठेवली. साहेबांनी वाचायला घेतली आणि पेन काढलं. टिपणी त्यांनी कधी दुरुस्त न करता सोडलेली नाही.

पहिल्या परिच्छेदात 'करण्यात आले' च्या आधी 'व्रणोपचारक व पर्यवेक्षक यांच्यासह' हे घातलं. दुसऱ्यापाशी थांबले.

"नवापूरला नुसता सहभाग लिहिलंय."

"काय लिहू, सर? तिथलं कुणी काही सांगितलं नाही."

२००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथं सापडला, राज्यभरातून पशुवैद्यकांची पथकं गेली, एवढं मला माहीत होतं. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. पोल्ट्री फार्मचं काम वेगळं, तिथं हजारोंचा हिशोब असतो आणि माणूस बधिर होतो. पण तीन किलोमीटरच्या परिघात परसातल्या कोंबड्याही माराव्या लागतात. एका म्हातारीनं डालग्याखाली पाचसहा कोंबड्या लपवलेल्या. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, तिला माणूस दिसतच नव्हता समोर. ती भिली होती. "त्या पक्ष्यांना काही झालेलं नव्हतं. सोडता आले असते. नाही सोडले. नियम बरोबरच होता." आणि त्यांनी 'सहभाग' च्या पुढं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'परसातील निरोगी पक्षीही मारण्यात आले.'

पाचव्या परिच्छेदात काही बदललं नाही. खाली 'आदेशार्थ' खोडून 'माहितीस्तव' तेवढं ठेवलं, सही केली, तारीख घातली. कंटेनरच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाला का, हे विचारलं. झाला होता, ना-देय त्याच आठवड्यात नागपूरला गेलं होतं.

सोमवारी, ३ जूनला, बाजार समितीचा अर्ज आला. टॅगचा नियम परवापासून लागू झालेला. बऱ्याच शेतकऱ्यांची जनावरं अजून राहिली आहेत, पेरणीसाठी पैशांची निकड आहे, तरी या आठवड्याच्या बाजाराला सवलत द्यावी. साहेबांचं पद रिक्त, कार्यभार अतिरिक्त म्हणून आलेल्या अधिकाऱ्यांकडे. त्यांनी अर्ज वाचला आणि प्रत्येक नवा अधिकारी विचारतो तेच विचारलं: "मॅडम, पूर्वी अशा वेळी काय केलं होतं?"

पूर्वपीठिका म्हणून माझ्याकडे २०२२ ची बाजारबंदीची फाइल होती, पण ती जाडजूड. मी ती टिपणी काढून दिली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली, बहुधा असला विषय असलेली टिपणी त्यांनी आयुष्यात पाहिली नसावी. तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. मग तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावून बाजाराच्या फाटकावर पहाटे पाचपासून टॅग मारायला आणि नोंदणी करायला दोन माणसं बसवायला सांगितलं, आणि अर्जावर 'सवलत अमान्य' लिहून तो माझ्याकडे जावकला दिला.